कोण कुठवर येऊन जन्मतं

बाई,

दुपारी कूलरच्या घरघरीत डोळा लागतो आणि मी धुळ्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत असते. खिडक्यांना हिरवे पडदे, डोळ्यांना झोंबणारा फॉर्मालिनचा वास, आणि टेबलावर तुम्ही मांडायला दिलेल्या बरण्या. उंदराचं पिल्लू, मांजराचं पिल्लू, शेळीचं करडू, सगळी जन्मतानाच गेलेली, आणि शेजारी प्रत्येकाचा मेंदू. मी लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावते. तुम्ही मान हलवता. आकार नको पाहूस, म्हणता, कोण कुठवर येऊन जन्माला आलंय ते बघ. मेंदू घडण्याची वाट सगळ्यांची जवळपास सारखीच, आधी काय आणि मग काय हा क्रम फारसा मोडत नाही. फक्त जन्माचं दार प्रत्येकाला त्या वाटेवर वेगळ्या ठिकाणी लागतं. करडू डोळे उघडे ठेवूनच येतं आणि घटकाभरात उभं राहतं. उंदराचं पिल्लू जे बाहेर येऊन, मिटल्या डोळ्यांनी करतं, ते करडानं आईच्या पोटातच उरकलेलं असतं. माणसाच्या बाळाचे डोळे उघडे असतात, पण चालायचा केवढा रस्ता अजून आईच्या मांडीवर बाकी असतो. ऐकता ऐकता मला सगळी पिल्लं एकाच लांब, धूसर रस्त्यानं हळूहळू येताना दिसायची. पुढे परीक्षेत मी काय लिहिलं ते विसरले, तो रस्ता विसरले नाही.

लग्न होऊन मी जळगावला, पिंप्राळ्यात आले. नव्वदीच्या सुरुवातीला मुलगी झाली. फार रडायची नाही, दूध पिता पिता झोपून जायची. मान धरायला उशीर, बसायला उशीर. तिच्यामागून झालेला जावेचा मुलगा घरभर रांगू लागला, तरी ही आपली अंथरुणावर पंख्याकडे बघत. सासूबाई तिला मांडीवर घेऊन म्हणायच्या, "पोर शांत शे, बठ्ठी बापवर गयी." सगळी बापासारखीच, म्हणे. आणि शेजारपाजारच्या बायकांना मी तुमचा धडा सांगायची. त्यांना तो पटायचा. मला तर फारच पटायचा.

मग एका रविवारी तुम्ही एसटीनं आलात. स्वयंपाकघरात पाटावर बसलात, मी भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. तुम्ही आधी मुलीला मांडीवर घेतलंत, तिच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलंत, गार तळपाय चोळलेत, कितीतरी वेळ तिचा चेहरा पाहत राहिलात. मी म्हणाले, बाई, हिला दार जरा अलीकडेच लागलं असेल, उरलेलं चालेल सावकाश. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात.

"ते उंदीर आणि शेळीमधलं अंतर होतं गं. माणसाच्या दोन लेकरांना ते लावायचं नसतं. उद्याच्या उद्या हिला डॉक्टरांना दाखव."

"पण होईल ना नीट?"

"मला माहीत नाही."

त्या रात्री तुम्ही परत गेला नाहीत. सकाळी रिक्षात माझ्या शेजारी बसलात, मुलगी तुमच्याच खांद्यावर. रक्त तपासायला मुंबईला गेलं. थायरॉइडची ग्रंथी काम करत नव्हती. एक छोटी गोळी, रोज, जन्मभर. डॉक्टर म्हणाले, मेंदूचे पहिले महिने कुणासाठी थांबत नाहीत. काही भरून येईल, काही नाही. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही नजर वळवली नाहीत.

तिसऱ्या वर्षी ती ओट्यावरून अंगणात चालत आली. शाळा फारशी झेपली नाही. आता बायकांच्या एका गटात केळीचे वेफर्स पिशव्यांत भरते, संध्याकाळी घरी येऊन दिवसभराचं सगळं सांगते, एकेक शब्द शोधून, आणि मध्ये कुणी बोललं की रागावते. आत्ता ती शेजारच्या खोलीत झोपली आहे. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा, कुणाकडून तरी, बसस्टँडवर कळलं होतं. ती सोबत होती, माझी ओढणी धरून.

हे लिहिलंय ते कुणाला दाखवायचं नाही, पाठवायला तर जागाच नाही. तुमच्यामुळे ती चालली, बोलली, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही बाई, त्या दुपारी तुम्ही जेवण होईपर्यंत तरी गप्प राहायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.