दाराआडचा तांब्या

सांगली,
५ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप सौ. शालूआत्यांच्या सेवेशी,
अवधूतचा सा. न. वि. वि.

मनगटाचं प्लास्टर अजून निघालं नसेल, तेव्हा उत्तर सवडीनं लिहा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि इथं मला मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून पत्रच बरं.

मामांना तुम्ही या स्मृतिभ्रंश केंद्रात सोडून गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. मी इथं मदतनीस असल्यामुळे ते माझ्या नजरेसमोर आहेत. जेवण ठीक आहे. पण माझ्याकडून एक चूक झाली, ती लपवत नाही. मामा रोज संध्याकाळी त्यांच्या आईबद्दल विचारतात. मला खोटं बोलवत नाही. आजींना जाऊन सव्वीस वर्षं झाली, असं मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली, जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी विसरले, पुन्हा विचारलं. मी पुन्हा खरं सांगितलं. असे चार दिवस गेले. त्यांच्या लक्षात राहावं म्हणून मी फळ्यावर तारीख, वार आणि घरातलं कोण हयात, कोण नाही, हे वळणदार अक्षरात लिहूनही ठेवलं होतं. ज्ञानदा सिस्टरनी तो फळा पुसून टाकला. तुझ्या खरेपणापायी त्या माणसानं आपल्या आईला किती वेळा पोचवायचं, असं त्यांनी मला विचारलं. आता मामांनी आजींबद्दल विचारलं की मी विचारतो, त्या भाकरी कशी थापायच्या. मग ते सांगत बसतात.

दुसरी काळजी आंघोळीची. आल्यापासून अंगाला हात लावू देत नाहीत. परवा दोघांनी धरलं तर एकाला बुक्की बसली. फौजी हात आहे. डॉक्टर म्हणतात, सोमवारपर्यंत जमलं नाही तर गुंगीचं इंजेक्शन देऊन अंघोळ घालू. गुंगीत माणसं पडतात, आत्या. गेल्या महिन्यात एक आजी पडल्या, त्या उठल्याच नाहीत. घरी तुम्ही मामांना काय म्हणून हाक मारायचा? नावानं बोलावलं तर ते वळूनही बघत नाहीत.

मायेत अंतर पडू देऊ नका.
तुमचा,
अवधूत

—

रहिमतपूर,
८ नोव्हेंबर २०२४

चि. अवधूत यास शालूआत्याचे पोटभर आशीर्वाद.

प्लास्टर डाव्या हाताला हाय, लिवायचा हात उजवा हाय. तुजे मामा फौजेत हुते तवा सतरा वर्षं पत्रं लिवली. माजा हात अजून विसरला न्हाई, त्यांचं डोकं विसरलं.

आईचं वाचून तुजा लय राग आला. पण तू लहानपणापास्नं असाच. शेजारणीच्या घरी जेवून, कालवण खारट झालंय म्हणून तिलाच सांगून आलेलास. आता तरी शिक गड्या.

हाकेचं म्हणशील तर बेचाळीस वर्षांत त्यांचं नाव मी लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. हाक मारायची कवा गरजच पडली न्हाई. न्हाणीत पाणी काढलं की तांब्या दगडावर दोनदा टेकवायची. तो आवाज झाला की ते हातातलं काम टाकून यायचे. मी दाराआड पाठमोरी उभी ऱ्हायची. आत जायचं न्हाई, अंगाला हात लावायचा न्हाई. पयलं पाणी ते पायावर घेत्यात, त्यांचं तेच. पाठ चोळायची असली तर ते सांगत्यात. तुमी दोघं जाऊन धरताय, मग मारतील न्हाईतर काय.

शेजारचा भाऊसो हळद घेऊन सांगलीच्या बाजाराला यायलाय. त्याच्यासंगं आपला तांब्याचा तांब्या दिलाय, पोचा आलेला. दुसरा वाजवू नगंस, आवाज वेगळा येतो.

त्यांना तिथं सोडल्यापास्नं घर खायाला उठतंय. रेल्वेच्या रुळावरनं त्यांना वडताना मनगट मोडलं, न्हाईतर मी सोडलं नसतं रं. दवाखान्यात बांगड्या वाढवाव्या लागल्या. दोनी हात भुंडे दिसत्यात.

येकच विचारते. माजी आठवण काढत्यात का?

जिवाला जपून ऱ्हा.
तुजी,
आत्या

—

सांगली,
१३ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आत्यांस,
अवधूतचा सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. रविवारी तांब्या मिळाला. बागेतली एक फरशी धुऊन न्हाणीघरात ठेवली. सोमवारी सकाळी डॉक्टर यायच्या आत गरम पाणी काढलं, कोपर बुडवून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि तांब्या दोनदा टेकवला. मामा पेपर उलटा धरून बसले होते. पेपर ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि चालत आले. मी दाराआड पाठ करून उभा राहिलो. त्यांनी पहिलं पाणी पायावर घेतलं. इंजेक्शन टळलं. सिस्टरनी तुमचं पत्र सगळ्या मदतनीसांना वाचून दाखवलं. तांब्या कामाला आला, पण तो वाजवणारी बाई त्याहून हुशार, असं म्हणाल्या.

पण आतून मामांनी विचारलं की शालू, बांगड्या काढून ठेवल्यास का गं, आवाज येत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी तीन वेळा लिहून खोडलं. आठवण काढतात. दिवसातून दहादा काढतात. पण आत्या, त्यांची शालू वीस वर्षांची आहे. ते सुट्टीवर येतात तेव्हा ती वेणीत अबोली माळते. तुमचा मागच्या दिवाळीचा फोटो मी त्यांना दाखवला. बाई चांगल्या घरच्या दिसतात, असं म्हणाले.

शनिवारी, २३ तारखेला, जरूर या. मी स्टेशनवर असेन. एकच विनंती, ओळखलंत का, असं विचारू नका. ते जे म्हणतील त्याला हो म्हणा. मी चार वेळा चुकून हे शिकलो आहे.

तुमचा,
अवधूत

—

रहिमतपूर,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. अवधूत यास आशीर्वाद.

स्टेशनवर तुला हसून दाखवलं, पण किर्लोस्करवाडीपत्तुर पदर डोळ्यावरनं काढला न्हाई. तू खोलीच्या भाईर हुतास, म्हणून आत काय झालं ते सांगते.

मी गेले तर ते उठून हुबं ऱ्हायले. बसा बाई म्हणाले. कुठल्या गावच्या, म्हणून इचारलं. रहिमतपूरची म्हटल्यावर खुलले, आमचंबी तेच गाव म्हणाले. आमची मंडळी पाण्याला गेलीया, आली की च्या करंल, तवर बसा. म्या बसले. तितंच थांबायचं हुतं. तू बजावलं हुतंस. पण राहवलं न्हाई रं. आवं, मीच शालू, म्हणून त्यांचा हात धरला. त्यांनी हात काढून घेतला. भ्याले. वयानं मोठ्या बाईनं असलं बोलू नये, आमच्या शालूनं ऐकलं तर तिला काय वाटंल, असं म्हणाले. माजीच अब्रू राखत हुते ते, माज्यापास्नं.

मग तू पाणी काढलंस आनि तांब्या माज्या हातात दिलास. म्या टेकवला. दाराआड हुबी ऱ्हायले. आतनं म्हणाले, शालू, आज उशीर केलास. खोलीत कोण म्हातारी बाई बसलीया, लय लांबनं आलीया, तिला जेवल्याबिगर पाठवू नगंस. म्या व्हय म्हटलं. बेचाळीस वर्षांत त्या माणसानं दाराशी आलेलं कुणी उपाशी लावून दिलं न्हाई.

दोन दिवस इचार केला. रान दीर बघतील. विश्रामबागंत माजी चुलत बहीण गोदावरी हाय, तिच्याकडं ऱ्हाईन. तुज्या सिस्टरना इचार, रोज आंघुळीच्या टायमाला मला दाराआड हुबं ऱ्हाऊ देतील का? म्होरं येणार न्हाई. आता कंदी सांगणार न्हाई मी कोण ते.

तुजी,
आत्या

—

सांगली,
३० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आत्यांस,
अवधूतचा सा. न. वि. वि.

सिस्टर हो म्हणाल्या. फक्त एक विचारायला सांगितलं आहे. दाराआड शालू आणि समोर आलात तर कुणी परकी बाई, हे रोज झेपेल का? मी त्यांना म्हणालो की आत्यांना हे विचारायचं धाडस माझ्यात नाही. तरी लिहिलं, कारण लिहायला सांगितलं होतं.

मामांनी त्या दिवशी मला दोनदा विचारलं, त्या बाई जेवून गेल्या का. पोटभर जेवल्या, असं मी सांगितलं. तुम्ही घोटभर चहासुद्धा घेतला नव्हता. बोलताना माझी जीभ अडखळली नाही.

न्हाणीघराच्या दाराबाहेर तुमच्यासाठी एक स्टूल ठेवलं आहे. त्याचा एक पाय डुगडुगत होता, तो नीट केला. दार पूर्ण लावत नाही, चार बोटं उघडं ठेवतो. तांब्या चिंचेनं घासून ठेवला आहे. तुम्ही आलात की तो मी वाजवणार नाही.

आता प्लास्टर निघालं असेल. येताना कासाराकडे जाऊन हिरव्या बांगड्या भरून या. दुखऱ्या हाताला झेपतील तेवढ्याच. मामा रोज आतून बांगड्यांचं विचारतात.

वाट पाहणारा,
तुमचा अवधूत