चाकोरीवरचं कुंपण

२ जून
आले एकदाची! वायोमिंगचं हे मोकळं आभाळ पाहून शाळेतली अडतीस वर्षं अंगावरून गळून पडली. लाकडी खोली छान आहे. इतिहास मंडळासाठी, पश्चिमेकडे गेलेल्या स्थलांतरितांच्या जुन्या गाडीवाटेच्या खुणा सांभाळायच्या: प्रवाशांनी नावं कोरलेला खडक, दगडात रुतलेल्या चाकोऱ्या आणि एका अनाम बाईची कबर. कबरीच्या पाटीवर साल चुकीचं आहे, मंडळाला कळवलं. पर्यटक सरळ खोलीत घुसतात. दारावर कागद लावला: ‘ठोठावा. “आत या” ऐकल्यावरच या.’ कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी एवढं तरी अंगात भिनवलं होतं.

५ जून
शेजारचा रँचवाला डेलबर्ट ट्रास्क आला. नऊ तारखेला भरलेली खेचरगाडी कबरीवरून नेणार म्हणे! त्याच्या खापरपणजोबांच्या तांड्यातली बाई पटकीने गेली. लांडग्यांनी उकरू नये म्हणून तिला वाटेतच पुरलं आणि वरून सगळ्या गाड्या हाकल्या. तेव्हापासून दरवर्षी हा सोहळा. मी म्हटलं, लांडगे संपले, तुमचा अडाणीपणा संपला नाही. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, मास्तरीणबाई, लांडग्यांसाठी कोण करतंय?

९ जून
कबरीभोवती कुंपण घातलं. लोखंडी खांब, सिमेंटमध्ये. डेलबर्ट गाडी घेऊन आला, पाहून परत गेला. जाताना म्हणाला, आता शिस्त तुम्हीच लावा तिला. आगाऊ!

११ जून
कबरीवरची माती तीन इंच वर आली आहे. पट्टी लावून मोजलं. घुशी असणार. मंडळाला फोन केला. तिथली बया म्हणते, उन्हाने माती फुगते. भूगोल मी शिकवलाय, तिने नाही.

१३ जून
चौदा इंच. बीळ एकही नाही. खांब बाहेरच्या बाजूला कलले आहेत – आतून ढकलल्यासारखे.

१४ जून
डेलबर्टकडे गेले. माफी मागितली; आयुष्यात बहुधा दुसऱ्यांदा. त्याने खापरपणजोबांची वही दाखवली. तांड्याला घाई होती. बाईचा जीव जायच्या आधीच खड्डा खणून तिला पेटीत घालून पुरलं. शेवटची गाडी वरून गेली तेव्हाही पेटीतून ठोकल्याचा आवाज येत होता.
म्हटलं, उद्याच गाडी आणा. तो म्हणाला, खेचरं कबरीच्या आवाराच्या फाटकाआत पाऊल टाकत नाहीत. सकाळपासून मारून पाहिलं.

१५ जून, दुपार
चूक माझी, तर निस्तरायचीही मीच. कललेले खांब ओढून पाडले, माझी मोटार कबरीवर घातली. मधोमध पोचले आणि चारही चाकं खचली. माती दारांच्या काचांपर्यंत. दार उघडत नाही – काच खाली होत नाही – डेलबर्ट फाटकातून ओरडला, हलू नका बाई, ट्रॅक्टर आणतो. धावला.
ही रोजनिशी पिशवीत होती म्हणून लिहिते आहे. मंडळाला पुरावा लागतो ना.

ट्रॅक्टरचा आवाज नाही अजून.

गाडी हळूहळू वर उचलली जाते आहे. मग खाली. श्वासासारखी –

पायांखालच्या पत्र्यावर ठोठावलं. तीनदा. हळू, अगदी रीतीने.

परत तीनदा.

अडतीस वर्षांची सवय. तोंडातून निघूनच गेलं – आत या, म्हण–