अर्ध्या आंब्याचा हेवा

मानक नगर, लखनऊ
२१ एप्रिल २०२४

चि. नयनास,
माणिकताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू मोबाइलवर पाठवलेला फोटो पाहिला. ताटात आमटी, कोशिंबीर, फुलके आणि शेजारी अर्धा हापूस. खाली लिहिलंस, साखर छान उतरली. ह्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, वर म्हणाले, नयना पहिल्यापासूनच हुशार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

अगं, मधुमेह मला तुझ्या आधी जडला. मी साखर सोडली, गूळ सोडला, आंब्याकडे नजर वर करून पाहत नाही. थंडीत गोड मक्खन मलाई विकणारा भैया दारावरून गेला की खिडकी लावून घेते. निशातगंजच्या बेकरीतून बिनसाखरेचे टोस्ट आणवते, तेवढीच चैन. शिवाय सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास. एवढं करून माझी साखर डोंगरावर, आणि तू आंबे हाणतेस ती पायथ्याशी.

डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, उजवाही त्याच वाटेवर. डॉक्टर म्हणाले, साखर आटोक्यात आणा, मगच ऑपरेशनची तारीख देतो. म्हणून अक्षर एवढं मोठं काढलंय. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं पुस्तकांनी शिकवलं. वाचता आलं नाही तर मी उरते किती?

आपली स्वरदा म्हणते, आजी, फोन कर लो ना, चिट्ठी कौन लिखता है. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि नातीच्या नि ह्यांच्या कानावर सगळं जातं. तू काय करतेस ते सविस्तर लिही. मी करीनच असं नाही.

लोभ असू दे. हेवा सध्या माझ्याकडे राहू दे.
तुझी माणिकताई

सांगली
२ मे २०२४

ती. माणिकताईस,
नयनाचा सा. न. वि. वि.

तुझं चिडकं पत्र पोचलं. गोड लिहिलं असतंस तर जास्त काळजी वाटली असती.

ताई, मी काही सोडलं नाही, मोजायला शिकले. इथल्या आहारतज्ज्ञ अनघाताईंनी सांगितलं की साखर फक्त साखरेच्या डब्यातून येत नाही. पोळी, भात, बटाटा, फळ, दूध, सगळ्यात कर्बोदकं असतात, आणि पोटात गेली की तीच साखर होतात. पंधरा ग्रॅम कर्बोदकं म्हणजे एक भाग. लहान फुलका एक भाग, अर्धा मध्यम हापूस म्हणजेही एक भाग. मला जेवणाला तीन सांगितलेत. आंबा हवा तर एक फुलका कमी. फोटोत फुलके दोनच होते, पण तुला दिसला तो आंबा.

तुझे टोस्ट बिनसाखरेचे असतील, बिनमैद्याचे नाहीत. आणि उपासाला काय खातेस? साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस? तेवढ्या एका बशीत पाच भाग सहज बसतात. पोटात धान्य नाही, म्हणजे काही खाल्लंच नाही, असं धरून तू ते मोजतही नसशील. आई म्हणायची ते आठव, एकादशी आणि दुप्पट खाशी. खिचडीनंतर दोन तासांनी बोट टोचून बघ. आणि किती भाग चालतील ते तुझ्या डॉक्टरांना विचार, माझे आकडे उचलू नकोस.

भावजींना नमस्कार. माया आणि राग, दोन्ही असेच पाठवत जा.
तुझी नयना

मानक नगर, लखनऊ
१९ मे २०२४

चि. नयनास,
रमाकांतचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या ताईला न विचारता लिहितो आहे. तुझं पत्र आल्यावर बाईसाहेबांनी तुझ्याशी आणि साबुदाण्याच्या डब्याशी अबोला धरला. मग सोमवारी खिचडी खाऊन साखर पाहिली, ती भलतीच वर, म्हणून पुन्हा बोट टोचून पाहिलं. मी रेल्वेत डबे-इंजिनांच्या चाचण्या घेण्यात आयुष्य काढलं, पण निकालाने इतकं हललेलं माणूस पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्वरदाकडून वजनकाटा मागवला.

इथवर ठीक होतं. डॉक्टरांनी हिलाही जेवणाला तीनच भाग सांगितले, ते तिला बोचलं. काल संध्याकाळी गोळी घेतली आणि नुसती काकडी खाऊन ताटावरून उठली. थोड्या वेळाने दरदरून घाम, हात थरथरताहेत, शब्द अडखळताहेत. स्वरदाने मोजली तर साखर फार खाली गेलेली. तिने साखरपाणी पाजलं. मी नुसता हिचा हात धरून बसलो.

सावरल्यावर हिचं पहिलं वाक्य असं, "नयनाला सांगू नका. तिला तीन भाग लागतात, मी एकात राहून दाखवणार होते."

म्हणून तुला सांगतो आहे. डॉक्टर रागावले, मी रागावलो, उपयोग नाही. तुझं ऐकेल, कारण तुझ्यावर जळते.

आमच्यावर कृपादृष्टी ठेव, घरात शांतता राहील.
रमाकांत

सांगली
२८ मे २०२४

ती. माणिकताईस,
सा. न. वि. वि.

भावजींनी कळवलं. त्यांच्यावर डाफरू नकोस. गोळी घेऊन उपाशी राहणं म्हणजे जिवाशी खेळ, हे मी काय सांगायचं.

तुला एक सांगायचं राहून गेलं. त्या फोटोत एकच ताट होतं. हे गेल्यापासून माझं मोजणं फार सोपं झालंय. आग्रह करणारं कोणी नाही, माझ्यासाठी अर्धी पोळी जास्तीची टाकणारं कोणी नाही. काटा समोर ठेवून जेवते, तेवढीच सोबत. आंब्याचा अर्धा खाते, उरलेला झाकून ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी काळवंडलेला तोही मीच खाते.

तू काकडी खाऊन उठलीस तर तुझा नवरा हात धरून बसतो, नात साखरपाणी करते. मी तशी उठले तर दूधवाला येईपर्यंत कोणाला कळणार नाही. भावजींचं पत्र वाचून, ताई, खरं सांगते, आधी हेवा वाटला आणि मग काळजी.

शर्यत लावायचीच तर डोळे बरे करून लाव. आंधळ्या बहिणीला हरवण्यात मला गोडी नाही.

जवळ नाहीस, तरी जवळचीच राहा.
नयना

मानक नगर, लखनऊ
१० जुलै २०२४

चि. नयनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

साखर आटोक्यात आली. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला २४ तारीख मिळाली. टोस्ट बंद केले. डॉक्टरांना विचारून उपासाला आता दही, काकडी, मूठभर शेंगदाणे आणि भगर मोजून. छावणी भागात राहणाऱ्या माझ्या मैत्रीण विभाताई म्हणाल्या, हा कसला उपास. मी म्हटलं, पहिल्यांदाच खरा होतोय. जेवणाला तीन भाग, कमी नाही, जास्त नाही. तुझ्याइतकेच. गिळायला जरा जड जातं, पण गिळते.

तुझं मागचं पत्र मी ह्यांना वाचू दिलं नाही. डोळ्याला लावून लावून स्वतःच वाचलं, त्याला दोन दिवस लागले. मी किती वर्षं तुझ्या ताटात डोकावत होते गं, पण शेजारचा पाट रिकामा आहे ते मला दिसलं नाही. ते काही मोतीबिंदूमुळे नाही.

इथला दशहरी आंबा संपला, आता चौसा आलाय. परवा एक फुलका कमी करून मी अर्धा चौसा घेतला. दुसरा अर्धा हे उचलायला लागले, तर मी ताटली झाकून ठेवली. कोणासाठी, म्हणाले. मी म्हटलं, नयनासाठी. स्वरदा हसून म्हणाली, आजी, काला हो जाएगा. झालाच. काल जेवणात, भागात धरून, मी तो खाल्ला. तुला रोज कसा लागतो ते कळायला हवं होतं. गोड होता, पण एकटीने खाण्यासारखा नव्हता.

ऑपरेशनच्या आधी ये, आणि नंतरही राहा. डोळ्याला थेंब घालायचे दिवस असतील, मला वाचून दाखवायला माणूस हवं. हे वाचतात ते तपासणीचा अहवाल वाचल्यासारखं. जेवताना एक चौसा कापू, अर्धा तुझा, अर्धा माझा, काळा पडायला काही उरायचं नाही.

कोय मात्र माझी. थोरली मी आहे.

वाट पाहणारी, आणि अजून थोडी जळणारी,
तुझी माणिकताई