व्हय गुरुजी

पाथर्डी,
१९ मे १९९६

प्रिय रश्मी,

अनेक आशीर्वाद. आधी बातमी, कारण ती पोटात राहत नाही: तुझा गोळ्यांचा अभ्यास पाथर्डीतच होणार! नव्या संमतीपत्रांवर अंगठे उमटलेत, सह्या झाल्यात, आणि या खेपेला एकही माझ्याखातर नाही.

गेल्या महिन्यात तू आलीस तेव्हा मी केवढा फुशारलो होतो! रक्तवाढीची गोळी रोज घ्यावी की आठवड्यातून एकदाच, हे ताडून पाहायला बायका हव्यात म्हणालीस, आणि मी ऊसतोडीहून परतलेली अख्खी वस्ती शाळेच्या ओसरीवर आणून बसवली. निम्म्याजणी माझ्याच हाताखाली चौथी झालेल्या. मी सांगितलं, कुणाला कोणती गोळी ते चिठ्ठी टाकून ठरेल; नको वाटलं तर नाही म्हणा, दवाखान्याची नेहमीची गोळी चालूच राहील. समजलं का? "व्हय गुरुजी!" एका सुरात. मला कवितेचा तास आठवला गं. तोच हेल, शेवटचं अक्षर तसंच लांबवलेलं. पूर्वी आमची ओळ एसटी स्टँडपर्यंत ऐकू जायची, कौलांवरच्या चिमण्या उडायच्या. माझे डोळे भरून आले आणि तू मात्र सगळे कागद परत केलेस. "अण्णा, ह्यांनी तुम्हाला हो म्हटलंय. गोळीला कुणीच नाही." वर हेही बजावलंस की महिन्याभरात खरा होकार मिळाला नाही तर अभ्यास दुसऱ्या तालुक्यात जाईल. रागानं मी त्या दिवशी आमरसाला हात लावला नाही. निघताना तू नेहमीचंच विचारलंस: मागची खोली रंगवलीय, खिडकीतून जांभूळ दिसतं, आता राहायला कधी येताय? मी म्हणालो, हो, येतो.

परवा पुन्हा बैठक बोलावली, दवाखान्याच्या नर्सबाईंनाही बसवलं. सगळं सावकाश समजावलं. "व्हय गुरुजी!" मग मला काय सुचलं कोण जाणे, त्याच सुरात म्हणालो, ही गोळी घेतली की पाठीला पंख फुटतात आणि माणूस उडत साखर कारखान्यावर पोचतो, समजलं का? "व्हय गुरुजी!" आणि मागून खुदकन हसू आलं. गोजरबाईचं. कविता म्हणताना ही नुसते ओठ हलवायची, वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. पदर तोंडाला लावून म्हणाली, "न्हाई गुरुजी! पंख आसते तर टरकात कशाला कोंबून नेलं आसतं आमाला?" ओसरी हसून लोळली. हसू ओसरल्यावर ती पुढं बोलली, "आन् मला त्या चिठ्ठीत घालू नका. माझी रोजची गोळी बरी हाय. न्हाई म्हनते मी."

अख्ख्या नोकरीत मला कुणी तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. मी उठून टाळ्या वाजवल्या! लगेच भागिरथी म्हणाली, "मंग हिची गोळी बंद का?" चालूच राहणार. "ह्ये आदी का न्हाई सांगितलं?" सांगितलं होतं गं बाई, तेव्हा तुम्ही व्हय म्हणत होता! मग प्रश्नच प्रश्न. पोट दुखलं तर? दिवस गेले तर? पुन्हा तोडीला गेल्यावर गोळी कोण देणार? बनुबाईनं तर मलाच झापलं, "गुरुजी, तुमी गप ऱ्हावा, नर्सबाईला सांगू द्या." मी माझी खुर्ची नर्सबाईंकडे सरकवली. काल दिवसभर एकेकजण घरी विचार करून आली. काही नाही म्हणाल्या, पुष्कळजणी हो म्हणाल्या. कुणी कुरकुरत, कुणी ठसक्यात, कुणी नवऱ्याला दारातच थांबवून. इतकी बेसूर कविता मी जन्मात ऐकली नव्हती, आणि इतकी गोडही.

कागद नर्सबाई उद्याच्या गाडीनं आणतीलच. तेवढ्यासाठी पत्र लागलं नसतं. राहिलंय ते माझं उत्तर. तू दरवेळी विचारतेस, मी दरवेळी त्याच सुरात हो म्हणतो, आणि तू बिचारी खोली रंगवतेस. ते हो तुला होतं गं पोरी, खोलीला नव्हतं. आज रिकाम्या ओसरीवर बसून मोठ्यानं म्हणून पाहिलं, आणि जमलं: मी पुण्याला राहायला यायचा न्हाई. आमरस अजून आठ-दहा दिवस आहे, तूच ये. येताना खिडकीतली जांभळं आण.

तुझाच, उतारवयात नाही म्हणायला शिकलेला,
अण्णा