तिसऱ्या चाकाची धाव

बाबा, तुम्ही कर्जतच्या यार्डात गाड्यांची चाकं हातोडीनं वाजवून तपासण्यात जन्म काढलात. म्हणून हे तुम्हालाच सांगायचं.

कडावच्या अलीकडे बंद पडलेल्या भातगिरणीत आम्ही दहाबारा जण दर रविवारी जमतो. भंगारात निघालेला एक लाकडी प्रवासी डबा मिळवलाय, तीन वर्षं तो घासतोय, रंगवतोय. सगळं हौसेनं. चाकांचं काम माझ्याकडे. शिकवायला कुणी नव्हतं, जुन्या पुस्तिका वाचून आणि हात काळे करून शिकलो, त्यामुळे माझ्या कामात कुणी नाक खुपसलेलं मला खपत नाही. बाहेर शंभर-सव्वाशे पावलांचा रूळ टाकलाय, तो गावातल्या एका शेतकरी काकांनी. परवा त्यावरून डबा पहिल्यांदा माणसं घेऊन चालायचा होता.

आदल्या संध्याकाळी मी आठही चाकं वाजवली. सात खणखणली, तिसरं बद्द वाजलं. ब्रेकचा ठोकळा टेकला असेल, असं म्हणून पुढे सरकलो. खिडकीला पॉलिश करणाऱ्या त्या रूळवाल्या काकांनी मान वर केली. "धाव ढिली वाटते रं त्याची."

"ही बैलगाडी नाय, काका." मी म्हटलं, तसे सगळे हसले.

"नसंल. पर धावेचं लोखंडी कडं तापवूनच चढवत्यात ना हिच्या चाकांवर पण?" एवढं बोलून ते परत खिडकीकडे वळले.

तुम्हाला आठवतं? मी वीस-एकविसाचा, तुमची भाकरी घेऊन यार्डात आलो होतो. तुम्ही हातोडी माझ्या हातात दिलीत. मी एक ठोका मारून म्हणालो, चांगलंय. तुम्ही चार माणसांसमोर हातोडी काढून घेतलीत. "ब्रेक सोडलास? नाय ना? मग कोणाला विचारून चांगलं म्हणतोस?" आणि मग खडूनं धावेवरून चाकावर एक सरळ रेघ ओढून दाखवलीत. धाव सरकली की रेघ तुटते.

परवा सकाळी सगळ्यांच्या आधी पोचलो. ब्रेक सोडून वाजवलं. तरी बद्दच. रेघ ओढली, कुणाला बोललो नाही. ट्रॅक्टरवाला आला तसा रिकामा डबा दोनदा पुढेमागे करवला, मुद्दाम जोरात ब्रेक मारून. तोवर पाहुणे आले. निवृत्त रेल्वेवाले, त्यांच्या बायका, काठी टेकत आलेल्या एक आजी. सगळे चढून बसतायत, कुणीतरी इंजिनाला हार घालावा तसा ट्रॅक्टरला हार घालतोय, आणि मी डब्याखाली ओणवा. रेघ तुटलेली. धाव चांगली दोन सूत सरकलेली.

वरून आजींचा आवाज येतोय, "हलली का गं गाडी?" मी मनात हिशेब करतोय: माणसाच्या चालीनं जायचंय, सव्वाशे पावलं, काय होणार आहे? ट्रॅक्टरवाला ओरडतो, "साहेब, सोडू का?" माझ्या तोंडून हो निघतच होता.

"थांब! उतरा सगळे, उतरा!"

उतरले. कुरकुरत, पण उतरले. काय झालं, काय झालं म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आणि मी म्हणालो, "रुळाचा जोड खचलाय."

काका जोडापाशी गेले. टाच मारून बघितली, वाकून हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले, "मी बघतो."

त्या आजी घरी जाताना काकांना म्हणाल्या, "अहो, एवढं एक काम नीट करायचं होतं." काका हसले नुसते.

काल त्यांचा फोन आला. जोड उकरून खडी भरली, परत ठोकला, एकदा बघून जा म्हणाले. धावेचा विषयही काढला नाही. मी येतो म्हणालो.

घरातून कडाव स्कूटरनं वीस मिनिटं. आज सकाळपासून दोनदा किल्ली हातात घेतली, आणि दोन्ही वेळा परत येऊन हे तुम्हाला लिहायला बसलो. कारण तुम्ही आता काही उलट विचारणार नाही.