पेटी निघण्याआधीचा वसंत

ल्युशियन,

लाल राजमा आणि भात गॅसवर आहे, गरम करून घे. मी ऑक्टेव्हमामाच्या घरी, मामीच्या सोबतीला चाललेय.

काल मामाच्या अंत्ययात्रेत मला तुझी अक्षरशः किळस आली. शवपेटीची गाडी निघून जाईपर्यंत बँडनं संथ, रडकंच वाजवायचं आणि मग नाचायचं, हे आपल्या ट्रेमे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तुला तर ते मामानंच शिकवलं होतं! आणि तू? मामीचा हात अजून पेटीवर होता, तोच तू ट्रम्पेटवर ती वसंत ऋतूची नाचरी धून सुरू केलीस. बाराला हॉटेलच्या हिरवळीवर पाहुण्यांना वसंताचा जॅझ ऐकवायचा होता ना! काळ्या कोटाखाली ते हॉटेलचं पिवळं जाकीट चढवूनच आला होतास. शी!

बँडमागून चालणारे लोक रिवाजाप्रमाणे नाचाच्या छत्र्या उघडून नाचायलासुद्धा लागले. मामी मला एवढंच म्हणाली, "घाईत असेल गं पोरगा."

आज पुन्हा हॉटेलात जायला उठशील आणि ट्रम्पेट शोधत बसशील. शोधू नकोस. तो मामाचा आहे, मी नेतेय. हवा असेल तर येऊन मामीकडे माग. काळा कोट घालून ये. आणि सावकाश ये.

तुझी ताई,
ओडेल