तुझा बुधवार

प्रिय यशोदा,

एका घरात राहून नवऱ्याने बायकोला पत्र लिहावं, हे तुला खुळेपणाचं वाटेल. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि 'प्रिय' हा शब्द तुझ्यासाठी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय. तू काजू फॅक्टरीत गेली आहेस. समोर बसलो तर तू चुलीकडे वळशील आणि मी अंगणाकडे, म्हणून लिहून ठेवतो. गेले दोन बुधवार तू मालवणला गेली नाहीस. पाय दुखतो म्हणालीस. पण त्याच दुखऱ्या पायाने तू न्हाणीसाठी लाकडं फोडलीस, ते मी पाहिलं.

पाच आठवडे मी प्यायलो नाही. ते तुझ्या लक्षात आलं, पण तू काही विचारलं नाहीस. आज सांगतो. गावच्या सीमेवर राखण करणाऱ्या देवचाराला दरवर्षी आपल्या घरून कोंबडा आणि दारूची बाटली जाते, ती नेण्याचा मान माझा. यंदा वाटेत आंब्याखाली बसून ती बाटली मी संपवली, व्हाळाचं पाणी भरलं आणि तेच देवचारापुढे ठेवलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, मीही म्हटलं. माणसांना फसवायची मला सवय होती. देवाला त्या दिवशी पहिल्यांदा फसवलं. घरी आल्यावर पेज घशाखाली उतरेना. तू म्हणालीस, उन्हाचं झालं असेल.

आठवड्याने सरकारी दवाखान्यात गेलो, तर केसपेपरच्या खिडकीजवळ एक कागद चिकटवलेला. दारू सोडायची इच्छा असेल तर या नंबरवर फोन करा. कलमांच्या बागेत जाऊन फोन लावला. पलीकडच्या माणसाने ना नाव विचारलं, ना गाव. "आज घेतलंस?" म्हणाला. मी म्हटलं, "अजून नाय." "मगे तसोच बुधवारी पाच वाजता ये," म्हणाला आणि मालवणच्या चर्चजवळच्या शाळेची खूण सांगितली. त्या बुधवारी बागेतून परस्पर गेलो.

यशोदा, तिथे काय पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. दहा-बारा माणसं, लाकडी बाकं, एक किटली. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. उपदेश नाही, छी थू नाही. स्वतःची लाज माणूस उघड्यावर मांडतो आणि ऐकणारे मान खाली घालून ती झेलतात. तिथली नावं तिथेच ठेवायची असतात, म्हणून सांगत नाही. मी देवचाराच्या बाटलीचं सांगितलं. वाटलं, आता भुई दुभंगेल. गळ्यात क्रूस घातलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "बरां झालां रे. तुझी नाय तर देवचाराची तरी सुटली." सगळे हसले, मीही हसलो आणि हसता हसता रडलो. इतकी वर्षं देवळात उभा राहिलो, पण देव असा शेजारच्या बाकावर येऊन बसलाय, असं कधी वाटलं नव्हतं.

तिथे कोणी चपला काढत नाही. पहिल्या दोन वेळा मीही पळता यावं म्हणून पायातच ठेवल्या. तिसऱ्या बुधवारी मात्र देवळाबाहेर काढाव्यात तशा दाराबाहेर काढल्या. त्याच दिवशी शेजारच्या खोलीतून एका बाईचं हसू ऐकलं. असं हसू आपल्या घरात संचिता पाळण्यात होती तेव्हाचं. चहाला बाहेर आलो, तर त्या दाराबाहेर एकच जोड होता आणि त्याच्या पट्ट्याला मीच जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने घातलेले टाके. किटलीवाल्याला विचारलं, ही खोली कोणाची? "घरच्यांची," म्हणाला. "पिणारो येवो, नाय येवो, ती येतत. ह्या चपलांवालीक चार वर्सां झाली."

चार वर्षं. फॅक्टरीच्या सुट्टीला तू मालवणला बहिणीकडे, किशोरीकडे जातेस, असंच मी समजत होतो. त्याच सुमाराला तू माझ्या बाटल्या शोधणं सोडलंस. बागायतदाराला "ह्यांका ताप इलो" असं खोटं सांगणं सोडलंस. मी अंगणात पडलो तर आत ओढून नेणं सोडलंस, फक्त चादर टाकायचीस. मला वाटायचं, हिचं मन माझ्यावरून उठलं. मी ते चार माणसांत बोलूनही दाखवलं. आणि तू तिथे बसून मला न सावरता माझ्याजवळ कसं राहायचं ते शिकत होतीस, मी कधी येईन की नाही याचा पत्ता नसताना. मी देवाकडे काही मागितलं की आठवड्यात फळ बघतो. तुझं ते बसणं आठवलं की मला हात जोडावेसे वाटतात.

बैठक सुटल्यावर तू माझ्या चपलांपाशी थबकलीस, ते मी खिडकीतून पाहिलं. तुला आनंद झाला असेल, असं मी खुळा समजलो. तेव्हापासून तू जात नाहीस. भिंतीला लागून मी बसलेला असताना माझ्याबद्दल बोलायचं कसं, असंच ना? या घराबाहेर तुझी म्हणून एकच जागा होती, तिथेही मी येऊन बसलो. कुडाळला रविवारी अशीच बैठक असते. काल मी तिकडे जाऊन आलो. माणसं चांगली आहेत, यापुढे तिथेच जाईन. एक एसटी जास्त, एवढंच. उद्याचं मी कोणालाच सांगत नाही, पण आज घेतलेली नाही. परवा बुधवार आहे. तू जा. माझ्याबद्दल जे सांगायचं ते सगळं सांग, आणि मला बरं वाटावं म्हणून त्यातलं काही गाळू नकोस.

तुझाच,
लवू